रोजची सायकल, रविवारची सायकल : बेळगाव, खानापूर, निपाणी भागासाठी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शाळेच्या पालकसभेत, बाजारात, फाट्यावर बसची वाट बघताना लोक सायकलबद्दल जे विचारतात, ते इथे एकत्र केलं आहे. उत्तरं आपल्या भागातले रस्ते, पाऊस आणि माणसं समोर ठेवून दिली आहेत. शर्यतीच्या सायकलिंगबद्दल इथे काही नाही. दूध आणायला, शाळेला, कामावर आणि सुट्टीच्या सकाळी फिरायला जाणाऱ्यांसाठी हे आहे.

रोजच्या कामाला सायकल खरंच परवडते का? वेळ किती जातो?

घाम न गाळता आरामात चालवली तरी सायकल तासाला १२ ते १५ किलोमीटर जाते. म्हणजे चार किलोमीटरला पंधरा-वीस मिनिटं. टिळकवाडीतून खडेबाजारात, शहापूर-वडगावातून स्टेशनकडे, अनगोळहून उद्यमबागेत कारखान्यावर, अशी शहरातली बहुतेक कामं या अंतरात बसतात. त्यात गणपत गल्ली किंवा रविवार पेठेत मोटारसायकल लावायला जागा शोधण्यात जो वेळ जातो तो धरला, तर सायकलवाला बऱ्याचदा आधी पोचतो.

माझं सांगणं एवढंच आहे की सुरुवात या छोट्या फेरीपासून करा. पन्नास किलोमीटरची राईड मारून फोटो काढणारे बरेच जण दुसऱ्या दिवशी कोपऱ्यावरच्या दुकानात नारळ आणायला स्कूटर काढतात. सायकल टिकते ती नारळ, दूध, पेपर, पिठाची गिरणी, देऊळ आणि शाळा यांच्या जोरावर. आठवड्यातून दोन कामं ठरवून घ्या आणि ती सायकलनेच करा. महिनाभरात ती दोनाची पाच होतात.

गावात सायकल काढली की लोक विचारतात, "गाडी विकलास काय?" काय उत्तर द्यायचं?

हा प्रश्न सगळ्यात जास्त वेळा येतो आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. खेड्यात मोटारसायकल म्हणजे घर वर आल्याची खूण. बापाने उन्हातान्हात सायकल मारून पोराला शिकवलं, पोराने नोकरी लागल्यावर पहिली गाडी घेतली. त्या घरात सायकल परत आली की आईलाच वाईट वाटतं. या भावनेला नावं ठेवून कुणी सायकलवर बसणार नाही.

उपयोग होतो तो प्रतिष्ठेच्या माणसांनी सायकल काढली की. मास्तर, डॉक्टर, सोसायटीचे चेअरमन, पंचायतीचे मेंबर यांच्यापैकी दोघं जरी रोज सकाळी सायकलवर दिसले, तरी गल्लीतली कुजबूज थांबते. एकट्याने उत्तर देत बसण्यापेक्षा दोघातिघांनी मिळून निघा. एकटा सायकलवाला दिसला तर लोक त्याच्या अडचणीचा अंदाज बांधतात, चौघं दिसले की "आम्हीबी येतो" म्हणतात.

आणि आपल्या भागाला सायकल परकी नाही, हेही सांगा. किर्लोस्करांच्या उद्योगाची सुरुवात १८८८ साली बेळगावातल्या सायकलच्या दुकानापासून झाली. लक्ष्मणराव किर्लोस्कर मूळचे याच जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचे. मुंबईत शिकवत असताना ते तिथून सायकली पाठवायचे आणि बेळगावात त्यांचे भाऊ रामुअण्णा त्या विकायचे. लोखंडी नांगर त्यानंतर आला आणि किर्लोस्करवाडी तर १९१० मध्ये. किर्लोस्कर रोडवरून रोज जाणाऱ्या कितीतरी जणांना हे ठाऊक नसतं. मला ही गोष्ट मुलांना सांगायला फार आवडते.

बायकांना बस फुकट आहे, मग सायकल कशाला?

११ जून २०२३ पासून ‘शक्ती’ योजनेत कर्नाटकातल्या महिलांना सरकारी साध्या बसमधून मोफत प्रवास आहे आणि त्याचा मोठा आधार झाला आहे. पण बस फाट्यावर येते, दारात येत नाही. गाव फाट्यापासून दोन-तीन किलोमीटर आत असलं की तिथवर चालत जाण्यात अर्धा तास मोडतो आणि संध्याकाळी परतताना अंधार पडतो. सायकल इथे कामाची. घर ते फाटा सायकल, फाटा ते बेळगाव बस. अर्ध्या तासाचं चालणं दहा मिनिटांवर येतं आणि सकाळची बस चुकत नाही.

राहिला प्रश्न सायकल ठेवण्याचा. फाट्यावर चहाची टपरी, किराणा दुकान किंवा दूध डेअरी असतेच. त्या मालकाशी बोलून महिन्याचे थोडे पैसे ठरवले तर सायकल त्याच्या नजरेखाली राहते. कुलूप नुसतं चाकाला लावू नका. साखळीचं कुलूप फ्रेममधून काढून खांबाला किंवा ग्रिलला अडकवा. चार-पाच जणींच्या सायकली एकाच साखळीत बांधल्या तर आणखी बरं.

साडी नेसून सायकल चालवता येते का?

येते. पुढे दांडी नसलेली लेडीज सायकल घ्या, चेनला पूर्ण कव्हर असू द्या आणि मागच्या चाकाला दोन्ही बाजूंनी जाळी बसवून घ्या. पदर खोचलेला हवा. ओढणी असेल तर मागे गाठ मारा, ती चाकात जाऊन झालेले अपघात वाईट असतात.

मुलांना एकटं शाळेला कधीपासून सोडावं?

वयापेक्षा दोन गोष्टी बघा. मान वळवून मागे बघताना हँडल सरळ राहतं का? एका हाताने इशारा करून दुसऱ्या हाताने ब्रेक दाबता येतो का? या दोन्ही जमल्या तर पाचवी-सहावीचं मूल गावातल्या रस्त्यावरून शाळेला जाऊ शकतं. हमरस्ता ओलांडायचा असेल तर आणखी थांबा, किंवा ओलांडण्याच्या जागी मोठं माणूस उभं करा.

कर्नाटक सरकारने २००६-०७ पासून सरकारी आणि अनुदानित शाळांतल्या आठवीच्या मुलामुलींना सायकली द्यायला सुरुवात केली. गावागावांतून पोरी रांगेने हायस्कूलला निघाल्याचं चित्र त्यानंतर दिसू लागलं. त्यातल्या कितीतरी सायकली आज परड्यात गंजत पडल्या आहेत. नवी घेण्याआधी शेजारीपाजारी विचारा. टायर-ट्यूब, ब्रेक शू आणि चेन बदलून ओव्हरहॉलिंग केलं की ती सायकल अजून पाच वर्षं चालते. मुलांना उंचीपेक्षा मोठी सायकल "पुढे उपयोगी पडेल" म्हणून घेऊ नका. सीटवर बसून दोन्ही पायांचे चवडे जमिनीला टेकले पाहिजेत.

कोणती सायकल घ्यावी? गिअरची की साधी?

बेळगाव शहर, निपाणी, चिक्कोडी आणि पूर्वेकडच्या सपाट रस्त्यांना साधी, मडगार्ड-कॅरिअर-स्टँडवाली सायकल पुरते. खानापूरच्या पश्चिमेला किंवा येळ्ळूरच्या राजहंसगडाकडे जायचं असेल तर गिअर हवेत. जाड टायरच्या, पुढे स्प्रिंग असलेल्या फॅशनच्या सायकली दुकानात छान दिसतात, पण रोजच्या रस्त्यावर त्या जड जातात. शिवाय त्यांना मडगार्ड नसतं. आपल्याकडच्या पावसात मडगार्ड नसलेली सायकल म्हणजे पाठीवर लाल चिखलाचा पट्टा घेऊन ऑफिसात जाणं.

२२ सप्टेंबर २०२५ पासून सायकलवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्के झाला आहे, बिल बघून घ्या. आणि सायकल शक्यतो जवळच्या दुकानातून घ्या. ऑनलाइन खोक्यात आलेली सायकल जोडायला आणि पुढे दुरुस्त करायला शेवटी तिथेच जावं लागतं.

पावसाळ्यात चार महिने सायकल बंदच ना?

बंद नको, बदल हवा. बेळगावचा पाऊस बराच काळ झिमझिम असतो, त्यात सायकल चालते. आडवातिडवा कोसळायला लागला की कुठल्याही दुकानाच्या वळचणीला थांबा. लांब रेनकोट सायकलवर फुगतो. कमरेपर्यंतचं जाकीट आणि वेगळी पँट बरी. बॅगेतल्या वह्या, मोबाइल प्लास्टिकच्या पिशवीत.

जून ते ऑगस्ट वारा पश्चिमेकडून येतो. हिंडलगा, उचगावच्या बाजूला निघालात तर जाताना तोंडावर वारा लागतो आणि येताना तो पाठीला घेऊन सहज परतता येतं. सांबऱ्याकडे निघालात तर उलट होतं, जाताना भुर्रकन जाता आणि येताना दम निघतो. नव्या माणसाने पावसाळ्यात पश्चिमेकडच्या वाटा धराव्यात, त्या या कारणाने.

पाणी भरलेल्या खड्ड्यातून कधी जाऊ नका, खाली काय आहे ते दिसत नाही. रेल्वे गेटवर ओले रूळ तिरके ओलांडले की चाक घसरतंच. रुळांना काटकोनात या, ब्रेक न दाबता सरळ पार व्हा. गर्दी असेल तर उतरून ढकलत न्या.

निपाणी-चिक्कोडी भागातल्यांसाठी एक कळकळीची सूचना. वेदगंगा-दूधगंगेला पूर आला की कारदगा-भोज, सिदनाळ-अक्कोळ, जत्राट-भिवशी यांसारखे कमी उंचीचे पूल पाण्याखाली जातात. पुलावर वीतभर पाणी दिसलं तरी सायकल घालू नका. वाहतं पाणी चाकाच्या तारांना आडवा जोर लावतं आणि कठडा नसलेल्या पुलावरून सायकलीसह माणूस ओढला जातो. वळसा कितीही लांबचा असो, तोच घ्या.

ऊस सुरू झाला की रस्त्यावर भीती वाटते. काय काळजी घ्यावी?

भीती रास्त आहे. गाळप हंगामात, साधारण नोव्हेंबर ते मार्च, दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर रात्रंदिवस चालतात. पुष्कळ ट्रॉल्यांना मागे दिवा नसतो, ऊस दोन्ही बाजूंनी बाहेर आलेला असतो आणि टेपच्या आवाजात ड्रायव्हरला घंटी ऐकू जात नाही. ट्रॉलीच्या शेजारून पुढे जाण्याचा मोह टाळा. पहिली ट्रॉली गेली म्हणून रस्त्यात येऊ नका, दुसरी तिच्या मागेच असते आणि वळणावर ती आतल्या बाजूला कापत येते. या एका सवयीने जीव वाचतात. रस्त्यावर पडलेल्या उसावरूनही चाक घसरतं, तेव्हा नजर खाली ठेवा.

अंधारात निघायचंच असेल तर मागे लाल दिवा लावा. नुसता रिफ्लेक्टर मागून येणाऱ्या गाडीला दिवा असेल तरच चमकतो, आणि प्रश्न नेमका बिनदिव्याच्या गाड्यांचा आहे. चार्जिंगचा छोटा लाल दिवा सायकलच्या दुकानात मिळतो. सीटखाली लावा, कॅरिअरवरच्या पिशवीने तो झाकला जात नाही ना हे बघा. साखर कारखान्यांनी ट्रॉल्यांच्या मागे रिफ्लेक्टरचं कापड लावूनच गाडी आत घ्यावी, ही मागणी गावसभेतून पुन्हा पुन्हा करायला हवी.

पुणे-बंगळूर हायवेवरून सायकल नेली तर चालते का?

सर्व्हिस रोडवरून न्या. काकती, हलगा या बाजूंना जाताना लोक ओलांडायची जागा लांब म्हणून उलट्या बाजूने येतात. समोरून येणाऱ्याला तुमचा अंदाज येत नाही, त्यामुळे हे धोक्याचं आहे. दोन मिनिटं जास्त लागू द्या. हायवेवर अपघात किंवा अडचण असेल तर १०३३, ॲम्ब्युलन्ससाठी १०८.

रविवारी सकाळी कुठे जावं?

अगदी नवख्यांनी कॅम्पातले रस्ते घ्यावेत. रुंद, झाडांखालचे, सकाळी सातच्या आत जवळपास मोकळे. लष्कराच्या हद्दीत जिथे पाटी असेल तिथे मात्र मागे फिरा. तिथून किल्ल्याच्या तलावाला वळसा आणि परत, की घरी चहाला वेळेवर.

दहा-पंधरा किलोमीटर जमायला लागले की गणेशपूर, बेनकनहळ्ळीवरून बेळगुंदीकडे आणि पुढे राकसकोप धरणापर्यंत जा. शहराच्या नळाला येणारं पाणी कुठून येतं ते मुलांना दाखवायला यापेक्षा चांगली सहल नाही. मार्कंडेय नदीवरचा हा जलाशय आहे. रस्ता चढउतारांचा, दोन्ही बाजूंना भाताची खाचरं. रोपलागणीच्या दिवसांत गेलात तर गुडघाभर चिखलात बायका ओळीने वाकलेल्या दिसतात, बांधावर घोंगडी टाकून कुणी म्हातारा भाकरीचं गाठोडं राखत बसलेला असतो. दिवाळीच्या आसपास त्याच खाचरांतून बासमतीचा वास येतो. हा वास मोटारीच्या काचेआड मिळत नाही.

उचगावची मळेकरणी देवी वेंगुर्ला रोडवरून गाठता येते. तसंच पुढे गेलं की शिनोळीला महाराष्ट्राची हद्द लागते. सायकलवाल्याला ही हद्द पाटीवरूनच कळते, शेतं तीच आणि माणसंही तीच.

राजहंसगड शहरापासून पंधराएक किलोमीटर. शेवटचा चढ खडा आहे, उतरून ढकलत नेण्यात काही कमीपणा नाही. उतरताना दोन्ही ब्रेक थोडे थोडे दाबत या, नुसता पुढचा ब्रेक जोरात दाबू नका.

खानापूरपर्यंत रेल्वेने किंवा टेम्पोत सायकल टाकून गेलात तर हलशीला जा, पंधराएक किलोमीटर. कदंबांच्या काळातलं भूवराह नरसिंहाचं देऊळ आहे आणि वाटेत जंगलाची सावली. रेल्वेत सायकल पार्सल ऑफिसात बुक करून न्यावी लागते, त्यासाठी गाडीच्या वेळेआधी बराच वेळ हाताशी ठेवा.

माझी सगळ्यात आवडती राईड मात्र साहित्य संमेलनाची. थंडीत कडोली, उचगाव, बेळगुंदी, येळ्ळूर अशा गावांत मराठी साहित्य संमेलनं भरतात. सकाळी ग्रंथदिंडीला पोचायचं, दिवसभर मांडवात बसायचं, गावजेवण करायचं आणि ऊन कलल्यावर परत. गाडी लावायच्या गर्दीतून सुटका होते आणि येताना कॅरिअरला पुस्तकं बांधता येतात.

जांबोटी, कणकुंबी, चोर्ला घाट?

सवय झालेल्यांसाठी आणि शक्यतो पावसाळा संपल्यावर. मलप्रभेचा उगम कणकुंबीला आहे आणि तिथला पाऊस शहरातल्या पावसाच्या कितीतरी पट असतो. धुक्यात समोरची गाडी दिसत नाही. गोव्याकडची जड वाहतूकही याच रस्त्याला असते. जंगलपट्ट्यात गवे आणि अस्वलं आहेत, म्हणून फटफटण्याआधी आणि दिवस मावळल्यावर तिथे सायकलवर असू नका. गवा रस्त्यात उभा असला तर लांब थांबा, घंटी वाजवू नका, तो आपल्या वेळेने जातो.

कुत्री मागे लागतात.

वेग वाढवला की जास्त लागतात. वेग कमी करा, उतरा, सायकल तुमच्या आणि कुत्र्याच्या मध्ये धरा, चालत पुढे जा. चावलंच तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात इंजेक्शन घ्या. हळद-चुना लावू नका.

गुडघे दुखतात, वय साठ आहे. चालेल का?

बहुतेकांचे गुडघे सीट खाली असल्यामुळे दुखतात. पायडल सगळ्यात खाली असताना टाच त्यावर ठेवली तर पाय जवळपास सरळ झाला पाहिजे. सीट तेवढी वर घ्या, हलका गिअर ठेवा. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसांना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम सांगते, रोजच्या दोन छोट्या फेऱ्यांत तो होऊन जातो. हृदयविकार किंवा चक्कर येण्याचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

बॅटरीच्या सायकलला लायसन्स लागतं का?

मोटर २५० वॉटपेक्षा कमी आणि कमाल वेग ताशी २५ किलोमीटरच्या आत असेल तर ती मोटार वाहनात धरली जात नाही, त्यामुळे लायसन्स आणि नोंदणी लागत नाही. त्यापुढच्या गाड्यांना लागते. विकणारा काहीही सांगो, कागदावर लिहिलेले आकडे बघा.

हेल्मेट?

कायद्याने सायकलला सक्ती नाही. तरी घाला, मुलांना तर घालाच.

पंक्चर झालं तर अडकून पडायचं का? आता दुकानं कमी झालीत.

दुकानं कमी झालीत हे खरं. म्हणून घरातल्या एकाने तरी पंक्चर काढायला शिकावं, अर्ध्या तासाचं काम आहे. बांधावरच्या बाभळीचा काटा हा आपल्याकडचा मुख्य शत्रू. ट्यूब बाहेर काढण्याआधी वॉल्व्ह टायरच्या कुठल्या जागी होता तिथे खूण करा. मग हवा भरून ट्यूब बादलीतल्या पाण्यात थोडी थोडी दाबत फिरवा, बुडबुडे आले तिथे भोक. ट्यूब कोरडी करा, पॉलिश पेपरने घासा, सोल्युशन लावा आणि ते बोटाला चिकटेनासं होईपर्यंत थांबा. घाई इथेच होते आणि पॅच निघून येतो. नंतर टायरच्या आतून खुणेजवळ हळूच बोट फिरवा, काटा अजून तिथेच रुतलेला असतो. तो न काढता ट्यूब बसवली की फाटकाबाहेर जाईपर्यंत पुन्हा हवा उतरते.

पावसाळ्यात चेन आठवड्याला पुसून तेलाचे थेंब टाका. खोबरेल तेल नको, ते घट्ट होऊन माती धरतं.

पंचायतीकडे, महापालिकेकडे काय मागावं?

बेळगाव २०१६ मध्ये स्मार्ट सिटीच्या पहिल्या यादीत आलं आणि रस्ते रुंद झाले. पण रुंद झालेली कड पार्किंगने व्यापली तर सायकलवाला पुन्हा मधोमध येतो. म्हणून "सायकल ट्रॅक द्या" एवढंच म्हणून थांबू नका. छोट्या, मोजता येतील अशा गोष्टी मागा : बाजाराच्या तोंडाशी सायकल बांधायला लोखंडी कमानी, गटारावरच्या जाळ्यांच्या पट्ट्या रस्त्याला आडव्या (उभ्या असल्या की चाक अडकतं), शाळेसमोर गतिरोधक, फाट्यावर पत्र्याची शेड आणि दिवा, रस्त्याच्या कडेची तुटलेली पायरी भरून घेणं. गावात हे ग्रामसभेत मांडा आणि पीडीओंकडे (पंचायत विकास अधिकाऱ्यांकडे) लेखी द्या. मराठी अर्जासोबत कन्नड प्रत जोडलीत तर पुढच्या टेबलावर कुणाला अर्थ विचारत बसावं लागत नाही. पोच घ्या. खड्ड्याचा फोटो काढताना बाजूची ओळखीची खूण, दुकानाची पाटी किंवा विजेचा खांब, फोटोत येऊ द्या.

मला लहानपणी शिकायला मिळालं नाही. आता चाळिशीत जमेल?

जमेल, आणि विचारायला संकोच करू नका. शिकायला येणाऱ्यांत बायका जास्त असतात, लहानपणी सायकल भावाला मिळालेली असते. दोन्ही पायडल काढून टाका, सीट इतकी खाली घ्या की दोन्ही तळवे जमिनीला पूर्ण टेकतील. शाळेचं मैदान किंवा अगदी थोडा उतार असलेली मोकळी जागा निवडा. पायांनी ढकलत चाला, मग मोठी ढांग टाका, मग पाय उचलून घसरत जा. नजर चाकाकडे नको, समोरच्या झाडाकडे. मागून सीट धरणारं माणूस लागत नाही, त्याने तोल उलट उशिरा येतो. दहा-बारा ढांगा पाय न टेकता जायला लागलात की पायडल परत बसवा. डाव्या पायडलचे आटे उलटे असतात. जोर लावून फिरवलं तर ते मरतात, म्हणून ते दुकानातूनच बसवून घ्या.